फॉर्मची घारी

माझ्या फ्रेंचच्या सरांनी मला चार वर्षं "अजून जरा कच्चं आहे" असं सांगितलं आणि मी चार वर्षं ते ऐकून घेतलं. त्यांनी सांगितल्याबद्दल मी त्यांना तोंडावर बोलून मोकळी झाले. मी ऐकून घेतल्याचं काय करायचं, ते मात्र अजून कळलेलं नाही.

सरांचा वर्ग सुरतेत, पर्वत पाटिया भागात होता, साड्यांच्या एका गोदामावर. जिन्यात प्लॅस्टिकमध्ये बांधलेले गठ्ठे रचलेले असत आणि नव्या पॉलिस्टरचा तो डोकं धरणारा वास थेट वर्गापर्यंत यायचा. दारावर पाटी होती, 'फ्रेंच सीखिए, हिंदी में'. सुरतेत फ्रेंच शिकवणारे आणखीही होते, पण ते इंग्रजीतून शिकवत. ज्यांचं इंग्रजीच लंगडं, ते आमच्याकडे यायचे. कापड मार्केटमधला बिहारी कारकून, राजस्थानी घरातली सून, यूपीचा इलेक्ट्रिशियन, ओडिशाच्या लूम कारागिरांची मुलं. आणि मी, उधन्याच्या कामगार वस्तीतली मराठी मुलगी. या सगळ्यांना एकमेकांशी बांधणारी भाषा हिंदी, आणि सगळ्यांना जायचं होतं एकाच ठिकाणी, कॅनडाला. फ्रेंचची परीक्षा चांगली गेली की तिथे स्थायिक व्हायच्या अर्जात गुण वाढतात. वय तिशीला लागलं की मग दर वाढदिवसाला गुण कमी होत जातात. वर्गात भिंतीवर घड्याळ नव्हतं, पण प्रत्येकाला आपली जन्मतारीख तोंडपाठ होती.

सर स्वतः कुठेच गेले नव्हते. जळगावहून तरुणपणी सुरतेला आले ते एका हिऱ्याच्या व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार सांभाळायला. अँटवर्पहून काही पत्रं फ्रेंचमध्ये यायची, ती कुणालाच वाचता येईनात, म्हणून यांनी एक पुस्तक आणि एक जाडजूड शब्दकोश आणून घरी बसून भाषा शिकली. पुढे सगळा व्यवहार मोबाइलवर आणि इंग्रजीत गेला, पेढीला पत्रांची गरज उरली नाही, आणि सर आपला शब्दकोश काखेत मारून या गोदामावर येऊन बसले. त्यांच्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, पासपोर्ट काढला की जावंसं वाटतं. ती परीक्षाही त्यांनी कधी दिली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, आणि कुणाचीही चूक ऐकताच चेहऱ्यावर उमटणारी खरीखुरी वेदना, एवढं पाहून आम्ही गार झालो होतो.

टेबलावर स्टीलचे सात डबे असत. तांदूळ, पीठ, साखर, मीठ, चहा, तेल आणि सातव्यात पाणी. पहिला महिनाभर या डब्यांपलीकडे फ्रेंच नसायची. आपण हिंदीत 'मैं चावल खाता हूँ' म्हणतो आणि मोकळे होतो. मराठीतही 'मी भात खातो' म्हटलं की झालं. फ्रेंच माणूस असा नुसता भात खात नाही. भाताच्या आधी त्याला एक बारीकसा शब्द लावावा लागतो, 'त्यातला थोडा' अशा अर्थाचा. भात पुल्लिंगी म्हणून 'द्यू', पीठ स्त्रीलिंगी म्हणून 'द ला', पुढे स्वर आला की आणखी तिसरंच. हिंदीवाल्या माणसाला हा शब्द लावायचं सुचतच नाही, कारण त्याच्या भाषेत त्या जागी काहीच नसतं. नसलेली गोष्ट आठवणार कशी? पण सरांना ते मान्य नव्हतं. कुणी नुसता भात खाल्ला की ते डब्याचं झाकण जोरात आपटायचे. खालचे गोदामवाले वर येऊन विचारून जायचे, काय पडलं म्हणून.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. आवडतं असं सांगायचं असेल तर फ्रेंचमध्ये अख्खा चहा आवडतो, पण प्यायचा असेल तर त्यातला थोडाच पिता येतो. हे सर असं सांगायचे: "पसंद पूरा आता है, प्लेट में थोड़ा आता है." नकार आला की हे सगळे वेगवेगळे शब्द जाऊन एकच 'द' उरतो. त्याचं वाक्य होतं, "नहीं के बाद सब बराबर." पाठ करायला ही वाक्यं फार छान होती. पण त्यापुढे कुणाला शंका आली की सर तेच वाक्य जास्त मोठ्याने म्हणायचे. समजावून सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. नियम स्वच्छ असताना माणसाला कळत नाही म्हणजे तो मुद्दाम कळून घेत नाही, असं त्यांचं मत होतं.

नावं त्यांना लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला विचारायचे, सकाळी काय खाल्लं, आणि जे उत्तर येईल ते त्या माणसाचं कायमचं नाव. बिहारी कारकून झाला सत्तू. राजस्थानी सून झाली पापड, बिचारीने लाजत लाजत पापडाची भाजी सांगितली होती. मी सांगितलं भाकरी. कसली, म्हणाले. मी म्हटलं ज्वारीची. त्यांनी शब्दकोश काढला, चाळला, त्यांना ज्वारी सापडेना. फोनवर बघते म्हटलं तर हाताने थांबवलं. फोनवर त्यांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधी ते जिन्यात उभे होते, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. शहरातल्या एका जुन्या वाचनालयात जाऊन शेतीवरचं कुठलं तरी पुस्तक पालथं घालून आले होते. "सॉर्गो," म्हणाले, "पुल्लिंगी. द्यू सॉर्गो. ज्वारी, आता तू उपाशी राहणार नाहीस."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरं बोलणार नाही. माझे वडील पारोळ्याकडचे, माझ्या जन्माआधीपासून उधन्याला लूमवर. आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. आमच्या घरातल्या एका शब्दासाठी कुणी उन्हातून गावभर फिरेल, असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. त्या दिवसापासून सर सांगतील ती पूर्व दिशा, असं मी धरून चालले. माणूस एकदाच चांगला वागतो आणि आपण त्याच्यावर जन्मभर विसंबून राहतो.

चुकीपुढे त्यांना माणूस दिसत नसे. शहरातल्या वेसू भागात एक नवा कॅफे निघाला होता, फ्रेंच नावाचा. कुणीतरी पास झालं म्हणून आम्ही पाचसहा जण सरांना घेऊन तिथे गेलो. सरांनी मेन्यू उघडला आणि लाल पेन काढलं. पहिल्या पानावर तीन दुरुस्त्या, दुसऱ्यावर पाच. मॅनेजर धावत आला, आधी गुजरातीत विनवलं, मग हिंदीत सुनावलं आणि शेवटी आम्हाला बाहेर काढलं. फुटपाथवर उभे राहून सर मला विचारत होते, पण चूक होती ना? होती, सर. मग? आम्ही शेजारच्या गाडीवर लोचो, म्हणजे सुरतेचा तो वाफवलेला मऊ डाळीचा पदार्थ, खाल्ला आणि त्यातही लोचो पुल्लिंगी मानावा की स्त्रीलिंगी, यावर सरांनी पंधरा मिनिटं घेतली.

त्यांचा एक रिवाज होता. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने तिथून फ्रेंचमध्ये ख्यालीखुशाली कळवायची, आज काय खाल्लं ते लिहायचं. मजकूर माझ्या मोबाइलवर यायचा. सर तो खालच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घ्यायचे, लाल पेनाने तपासायचे, माझ्याकरवी त्याचा फोटो काढून परत पाठवायचे आणि तपासलेला कागद भिंतीवर चिकटवायचे. आमच्या वर्गाची एक अख्खी भिंत लोकांच्या जेवणांनी आणि सरांच्या लाल रेघांनी भरली होती.

सत्तू मॉन्ट्रियलला पोचला. तो दर पंधरवड्याला न चुकता लिहायचा, फार भाबडा माणूस. तिथे पहिल्याच हिवाळ्यात त्याचे वडील गावी वारले आणि त्याला येता आलं नाही. त्याने चार ओळी लिहिल्या, फ्रेंचमध्येच, कारण सरांना फ्रेंचमध्ये लिहायचं हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. शेवटची ओळ होती, माझ्यात आता धीर उरला नाही. धीरालाही त्या भाषेत तांदळासारखंच 'थोडा' लावतात, आणि नकार आला की ते बदलायचं असतं. सत्तूने बदललं नव्हतं. सरांनी कागद काढून आणला, लाल पेनाने तेवढं दुरुस्त केलं आणि माझ्यापुढे धरला, फोटो काढ म्हणून.

मी म्हटलं, सर, त्याचे वडील गेलेत. दोन शब्द लिहा ना.

"शोक हिंदीत करावा," ते म्हणाले. "फ्रेंच लिहायची तर नीट लिहावी."

मी फोटो काढला आणि पाठवला. खाली माझ्याकडून दोन शब्द घालता आले असते, तेही घातले नाहीत, कारण सरांच्या कागदाखाली आपण कसं लिहायचं? सत्तूचं त्यानंतर एक अक्षर आलं नाही. सर अधूनमधून विचारायचे, हल्ली सत्तू जेवत नाही की काय. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं आणि मी गप्प होते, तेव्हा दोघांत जास्त वाईट कोण, ते तुम्हीच ठरवा.

आता वाटीचं सांगते.

नव्या बॅचमध्ये पापड रोज रडायची. सगळं पाठ, पण बोलायला उभी केली की शब्द नुसते यायचे, 'मी साखर घेते', 'मी पीठ घेते', आणि झाकण आपटायचं. एकदा सर खाली गेले असताना मी तिला म्हटलं, तुझ्या शेजारणीकडे साखर संपली तर ती काय मागते? ती म्हणाली, ज़रा चीनी देना. मी म्हटलं, बस. जी वस्तू शेजारीण वाटीत घालून देऊ शकते, तिच्याआधी हा शब्द लावायचा. तांदूळ वाटीत देता येतात, तेल देता येतं, मीठ देता येतं. खुर्ची वाटीत देता येत नाही. आमच्या उधन्याच्या चाळीत दिवसातून चार वाट्या इकडून तिकडे जायच्या, त्यामुळे मला हे शोधावं लागलं नाही, डोळ्यांसमोरच होतं. पापडने डोळे पुसले आणि सातही डबे न चुकता म्हणून दाखवले. मागचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, धीर कसा वाटीत देणार? मी म्हटलं, शेजारीण चांगली असेल तर देते.

सर दारात उभे होते. पुढच्या सोमवारी टेबलावर डब्यांच्या शेजारी एक स्टीलची वाटी होती आणि त्या महिन्यातल्या छापील नोट्समध्ये 'कटोरी का नियम' आला होता, सरांच्या नावासकट. मला वाईट वाटलं नाही. उलट मी घरी जाऊन आईला तो कागद दाखवला. मग सरांनी मला आपली वेताची खुर्ची दिली आणि सांगितलं की नव्यांना पहिले दोन महिने तूच घेत जा. मार्केटमधलं बिलं टाकायचं माझं काम संपलं की मी धावत वर्गात यायचे. सर मागच्या बाकावर बसून शब्दकोश वाचायचे. वर्ग भरायला लागला. लोक विचारत यायचे, तो वाटीवाला फ्रेंच क्लास हाच का?

परीक्षेच्या फॉर्मचाही एक विधी होता. विद्यार्थी तयार झाला असं सरांना वाटलं की ते गुरुवारी एक घारी आणायचे. एकच. घारी म्हणजे तुपात बुडालेली आमच्याकडची जड मिठाई. सर सुरीने तिचे वर्गात जितकी माणसं तितके तुकडे करायचे आणि ज्याचा फॉर्म असेल त्याच्याकडून आधी फ्रेंचमध्ये मागवून घ्यायचे, बरोबर 'थोडी' लावून. मग नारळ फुटायचा आणि वर्गातल्या संगणकावर फॉर्म भरला जायचा. सर शेजारी उभे राहून सांगायचे, आणि टंकायची मी. सत्तूचा फॉर्म मी भरला. इलेक्ट्रिशियनचा मी भरला. चार वर्षांत किती जणांचे भरले, आठवत नाही. जन्मतारीख, पासपोर्ट, केंद्र, पुढे जा, पुढे जा, जमा करा. दहा मिनिटांचं काम. क्लासचं नाव त्यात कुठेही विचारत नाहीत. सरांची सही लागत नाही. जगातला कोणीही माणूस आपल्या मोबाइलवरून तो भरू शकतो, हे माझ्याइतकं पक्कं त्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

आणि मी माझ्या घारीची वाट बघत होते.

मी अठ्ठाविसाची असताना पहिल्यांदा विचारलं. सर म्हणाले, लिंगं अजून जरा कच्ची आहेत. खरंच होती. मी रात्रंदिवस घोकून ती पक्की केली. पुढच्या वर्षी म्हणाले, लिहिणं उत्तम, बोलणं जरा कच्चं आहे. तेही पटलं. तिसऱ्या वर्षी मी दोन बॅचना शिकवून दमले होते आणि बोलण्याच्या ओघात नकारानंतर एकदा चुकीचा शब्द निघून गेला. सरांनी डोळे मिटून घेतले. "ज्वारी," म्हणाले, "तूच असं म्हणालीस तर कसं?" मला इतकी लाज वाटली की त्या वर्षी मी पुन्हा विचारलंच नाही. दर वेळी मी विचारायचे त्याच्या पुढच्याच आठवड्यात नवी बॅच सुरू होणार असायची. हे मी आज जोडते आहे. तेव्हा जोडलं नाही.

मधल्या काळात माझी तिशी आली आणि गेली. घरात दोन खोल्या, त्यातल्या एकीत खड्यांच्या पुड्या. आई दर वाढदिवसाला अहिराणीत विचारायची, "पोरी, आखो कितला दिन थांबशी?" वडिलांचं आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलेलं, त्यांना हळू बोलता येत नाही. ते ओरडूनच समजूत घालायचे, "सर नही म्हनतस तं थांब ना. त्यासले जास्त समजस." आईला तेवढ्यात पटायचं आणि मलाही. आमच्याकडे सुशिक्षित माणसाने नाही म्हटलं की ते डॉक्टरने सांगितलेल्या पथ्यासारखं पाळायचं असतं. का, हे विचारलं तर आपला अडाणीपणा उघडा पडतो. घर अडाणी म्हणून मी वर्गात शिकायला गेले, आणि तिथे बसून नेमकं घरचंच वागले.

मी बत्तिसाची झाले त्या वर्षी सर वर्गाच्या जिन्यात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वर्ग माझ्यावर टाकून ते घरी पडून राहिले. पापडचा फॉर्म राहिला होता, तिच्या नवऱ्याची घाई चालली होती, म्हणून मी एका दुपारी घारी न आणता, नारळ न फोडता तो भरून टाकला. ती गेली. मी संगणक बंद करायला हात पुढे केला आणि थांबले. मग पुन्हा पहिलं पान उघडलं आणि माझी जन्मतारीख टाकली. जमा झाल्याची पावती आली तेव्हा मला आनंद झाला नाही. मी जिन्यात गठ्ठ्यांवर जाऊन बसले.

मी पास झाले. नुसती नाही, वर्गातल्या कुणालाच पडले नव्हते इतके गुण पडले. मग कॅनडाचा अर्ज टाकला, आणि तो अर्ज थोड्या गुणांनी मागे राहिला, राहतच गेला. ते थोडे गुण म्हणजे माझे तीन वाढदिवस होते. मी कागदावर मांडून पाहिलं, पुन्हा मांडून पाहिलं. एकोणतिसाव्या वर्षी भरला असता तर मी गेले असते. यात शंकेला जागा नव्हती.

निकालाचा कागद घेऊन मी सरांच्या घरी गेले. ते खाटेवर उशांना टेकून बसले होते, शेजारी काठी आणि शब्दकोश. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, खुर्ची दिली. सरांनी कागद घेतला, चष्मा लावला, वरून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, बोलण्यात दोन गुण कुठे गेले?

मी घरून ठरवून गेले होते की शांतपणे बोलायचं. ते जमलं नाही. मी म्हटलं, सर, मी तीन वर्षांपूर्वीच तयार होते. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला का थांबवलंत?

मला वाटलं होतं की ते नियम सांगतील, कच्चं-पक्कं सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. चष्मा काढून घडी घातली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू गेली असतीस तर नव्या लोकांना कोण शिकवणार होतं? मला ते येत नाही. तुला ठाऊक आहे."

काकू दारात पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्या सरांकडे न बघता मला म्हणाल्या, "मी यांना दोनदा म्हटलं होतं गं, त्या पोरीला सोडा आता."

सरांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग ते वाक्य बोलले. त्यांच्या सगळ्या वाक्यांत हे एकच वाक्य असं आहे की जे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही आणि मला पाठ करावं लागलं नाही. "पण मी अडवलं कुठे? फॉर्म भरता येत नव्हता का तुला? इतरांचे तूच भरत होतीस ना?"

मला संताप आला. अजून येतो. या माणसाने माझी वाटी घेतली, माझी वर्षं घेतली, आणि वर हेही त्यानेच मला सांगावं. आणि यातला एक शब्द खोटा नाही, म्हणून तर जास्त. मी उठले, कागद घेतला, काकूंच्या हातचं पाणी पिऊन बाहेर पडले. पुन्हा त्यांच्या घरी गेले ती ते वारल्यावर, गेल्या वर्षी. सरांनी आजारपणात वर्गातून घरी मागवून घेतलेले सातही डबे आणि ती वाटी काकूंनी एका पिशवीत भरून ठेवली होती. म्हणाल्या, ने बाई, मला हे डबे डोळ्यांसमोर नकोत. तांदूळ तसेच होते, त्यात पोरकिडे झाले होते.

सर त्या पडण्यानंतर पुन्हा जिना चढले नाहीत, वर्ग मीच चालवत राहिले, आणि आता तो माझा आहे. पाटी तीच, जिना तोच. मी झाकणं आपटत नाही, शंका विचारू देते, बाप गेल्याच्या पत्रावर लाल पेन चालवत नाही. भिंतीवरचे कागद मी सगळे काढून टाकले, सत्तूचा सोडून. तो का ठेवला ते मला नीट सांगता येणार नाही. मी सरांसारखी नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगत असते.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. ओडिशाची, वडील लूमवर, उधन्यालाच राहते. पहिल्या दिवशी तिने सांगितलं की सकाळी पखाल खाल्ला, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात. मी तिला पखाल म्हणते. हुशार आहे, माझ्यापेक्षाही. नव्या लोकांना ती वाटीचा नियम माझ्याहून चांगला सांगते, वाटीच्या जोडीला तिने काय काय काढलं आहे ते ऐकून मीच थक्क होते. हल्ली पहिला महिना तीच घेते आणि मी मागच्या बाकावर बसते. ती सत्तावीस वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वीच तयार झाली.

दिवाळीच्या आधी तिने विचारलं, मॅम, मेरा फॉर्म? मला तिच्या वहीत एकही चूक दाखवता आली नसती. दुसऱ्या दिवसापासून चाळीस जणांची नवी बॅच सुरू होणार होती. मी म्हटलं, अभी ज़रा कच्चा है. तिने मान डोलावली. का म्हणून विचारलं नाही. वही मिटली, टेबलाशी गेली आणि उद्यासाठी डबे पुसायला लागली.

तिला एवढंच सांगायचं आहे की बाई, तो फॉर्म कुणालाही भरता येतो, माझ्यासाठी थांबू नकोस. सांगायला एक मिनिट लागेल. येत्या गुरुवारी घारी आणायची आणि तिला समोर बसवून फॉर्म भरायला लावायचा, असं मी ठरवलं आहे. मागच्या गुरुवारीही हेच ठरवलं होतं. घारी आणलीही होती. ती मी घरी नेली आणि आईवडिलांना दिली.